रुपरावांच्या तेरवीच्या रोट्या

लांब रोटी बनताना ज्यानं पाहिली नाही, त्याला ती सांगून पटत नाही. कणीक इतकी सैल भिजवायची की परातीतून उचलताना ती बोटांतून निसटू पाहते. तिचा गोळा हातावर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर झेलत राहायचं. झेलता झेलता तो मनगट ओलांडून कोपरापर्यंत लांबतो आणि ओढणीइतका पातळ होतो. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या माठावर तो एका झोकात टाकायचा. माठ तापलेला आणि हात उघडे. हे काम करणारी बाई कोणती, हे विचारावं लागत नाही; बाही वर सरकली की कळतं.

गोपिकाबाईच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत असे काळपट डाग आहेत. जरीपटक्याच्या बाजारामागच्या वस्तीत ती राहते. खापरखेड्याच्या कॉलनीतलं लग्न असो की मौद्याकडची तेराव्या दिवसाची तेरवी, रोट्यांसाठी बोलावणं तिलाच येतं. तिच्या हातची रोटी आहे म्हटलं की पंगतीतली माणसं मांडी सैल करून बसतात. गंमत अशी, की ही बाई स्वतः लांब रोटी खात नसे. सगळ्यांची जेवणं उरकली की भातावर वरण घेऊन कोपऱ्यात बसायची. कोणी आग्रह केलाच तर म्हणायची, "मले पचत नाही." आता तिला पचत नाही म्हणजे कमालच झाली. या बाईनं आयुष्यात काय काय पचवलं ते ऐकाल तर तुम्हीच पाणी मागाल. न पचलेली गोष्ट एकच होती, आणि तिचं नाव रुपराव.

रुपराव म्हणजे तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. मौद्याच्या अलीकडे त्यांचं गाव. घर मोठं, मिशा त्याहून मोठ्या, आणि आवाज असा की बैलांनाही दोनदा सांगावं लागायचं नाही. धाकटा भाऊ गुलाब कावीळ होऊन गेला तेव्हा गोपिका ऐन विशीत होती आणि तिचा जितेंद्र अजून अंगावर पीत होता. गुलाबच्या तेरवीला अंगणात पंगती बसल्या. आलू-वांग्याची भाजी, वरण, भात, बुंदी आणि बाहेरून बोलावलेल्या बायांनी टाकलेल्या लांब रोट्या. शेवटच्या पंगतीला घरचे आणि जवळचे बसले, एका बाजूला बाया आणि समोर पुरुष. गोपिका विहिरीच्या बाजूला बसली होती. नवरा गेल्यापासून तिच्या पोटात धड अन्न नव्हतं. तिनं रोटीचा पहिला घास तोंडात घातला आणि रुपराव समोर येऊन उभे राहिले.

"उठ वं," ते म्हणाले. "आज जेवली तं उद्याही जेवशील. ज्याच्या जिवावर या घरात आली तो गेला. आता आपल्या बापाच्या घरी जा."

आमच्याकडे रीत आहे, की पंगत बसली म्हणजे सगळ्यांचं होईपर्यंत कोणी उठत नाही. ज्याचं आधी झालं त्यानं पत्रावळीवर हात धरून बसायचं. म्हाताऱ्याचं, पोराचं, सावकाश खाणाऱ्याचं होऊ द्यायचं. मधेच उठणं म्हणजे अन्नाचा अपमान. त्या पंगतीत गावातले शहाणे म्हणवणारे पुरुष बसले होते, आणि त्या सगळ्यांना ही रीत नेमकी तेव्हाच आठवली. एकही माणूस उठला नाही, की 'तिला जेवू द्या' म्हणाला नाही. माना खाली घालून त्यांनी बुंदी संपवली. उठली ती एकटी गोपिका.

भासऱ्यापुढे सुनेनं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि बोलायचं तर नाहीच. लग्न झाल्यापासून ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. त्या दिवशी तिनं पदर मागे टाकला, तोंडातला घास काढून पत्रावळीवर ठेवला आणि बोलली.

"भाऊजी, तुमच्या तेरवीच्या रोट्या मीच टाकीन. अन् याच अंगणात, याच जागी बसून पोटभर जेवीन. मंगच मरीन."

रुपराव मिशीतल्या मिशीत हसले. "टाकजो, टाकजो. आधी दोन महिने टिकून तं दाखव."

पंगतही हसली. भासऱ्याच्या बोलण्यापेक्षा तिला ते हसणं जास्त लागलं. कडेवर जितेंद्रला घेऊन ती त्या अंगणातून बाहेर पडली, आणि रुपरावांच्या तेरवीपर्यंत लांब रोटीला तोंड लावायचं नाही असं तिनं वाटेतच ठरवून टाकलं.

आता खरं सांगायचं तर तिला तोवर लांब रोटी येतच नव्हती. तिची साधी पोळीसुद्धा गोल व्हायची नाही. रागाच्या भरात बाई बोलून गेली, आणि बोलून गेल्यामुळे शिकणं भाग पडलं. ती माहेरी न जाता नागपुरात आली. जरीपटक्यात प्रयागबाई नावाची एक बाई लग्नाकार्यात रोट्या टाकायची. जीभ तिखट, पण हात असा की माठ तिचं ऐकायचा. गोपिका तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

"तुह्या हाताले हे झेपन काय वं?" प्रयागबाईनं तिला खालीवर पाहून विचारलं.

"झेपवीन."

पहिल्या दिवशी अर्धी रोटी माठावर पडली आणि अर्धी विस्तवात. दोन्ही हात भाजले. प्रयागबाईनं ते पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवले आणि उद्या येऊ नको म्हणाली. गोपिका दुसऱ्या दिवशी फडकी गुंडाळून आली, तिसऱ्या दिवशीही आली. शेवटी प्रयागबाईनं विचारलं, "इतकं काहून वं? भांडे घासायचं काम भेटते ना कुठंही." गोपिकानं सगळं सांगितलं. प्रयागबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"तुहा राग चांगला आहे," ती म्हणाली. "पण रागानं रोटी फाटते. माठापुढे बसली की राग बाजूले ठेवत जा. काम झालं की उचलजो, तो कुठं पळून जाते?"

गोपिकानं हे अक्षरशः पाळलं. माठापुढे ती शांत असायची, इतकी की लोकांना ती गरीब स्वभावाची वाटे. काम झालं, हात धुतले की राग पुन्हा पदराला बांधून ती घरी जायची. सोसणाऱ्या बाईत काहीतरी दैवी असतं असं म्हणायची आपल्याकडे हौस आहे. हिच्यात तसलं काही नव्हतं. खोलीचं छत गळायचं, जितेंद्रला टायफॉईड झाला, एकदा भर लग्नात माठ तडकून निखारे पायावर पडले. अंग टाकून द्यावं असं वाटलं की तिला ती पंगत हसताना ऐकू यायची, आणि ती उठून बसायची. कोणी म्हणालं, हिश्श्यासाठी कोर्टात जा. तिला हिस्सा नको होता. तिला आपलं उचललेलं ताट परत पाहिजे होतं.

दर पोळ्याला ती गावी जायची. अंगणात पाऊल टाकायची नाही, पाणी घ्यायची नाही. फाटकाशी उभी राहायची. रुपराव अंगणात खाटेवर बसलेले असत.

"कसे आहात, भाऊजी?"

"टणटणीत. तू?"

"मीही टणटणीत."

"मंग येजो पुढच्या साली," ते मिशीला पीळ देत म्हणायचे. "अजून टाइम आहे."

गावाला वाटायचं, काय माया आहे बाईची. घराबाहेर काढलेल्या भासऱ्याची दरवर्षी विचारपूस करते. बाया आपापल्या सुनांना तिचा दाखला द्यायच्या. परतीच्या बसमध्ये गोपिका खिडकीकडे तोंड करून हसायची.

वर्षं गेली. रुपरावांच्या बरोबरीचे एकेक करत गेले, बायकोही गेली. प्रयागबाई गेली, तिच्या तेरवीच्या रोट्या गोपिकाबाईनं रडत रडत टाकल्या, आणि तिथेही वरणभातच खाल्ला. रुपरावांचे दात पडले, मिशा पांढऱ्या होऊन झडल्या, पण माणूस काही हलेना. टिकण्यात तोही तिच्या तोडीस तोड होता, आणि कारणही बहुधा तेच असावं.

कोरोनाच्या साली मात्र गोपिकाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. स्वतःच्या मरणाची तिला भीती नव्हती. तेरव्याच बंद पडल्या होत्या. माणसं जात होती आणि चार जणांत सगळं उरकत होतं; ना पंगत, ना माठ. त्यातच रुपरावांना ताप असल्याचं कळलं. बाईनं देव पाण्यात ठेवले. जितेंद्रच्या हाती काढ्याचं सामान पाठवलं, संत्री पाठवली, आणि रुपरावांचा मुलगा ओमप्रकाश, मौद्याला शाळेत मास्तर आहे तो, त्याला फोनवर खडसावलं.

"बाबाले पालथं झोपव. वाफ दे. काही झालं तरी जाऊ देऊ नको त्यायले."

ओमप्रकाशला फोनवरच रडू फुटलं. "काकू, सख्खे लोक फिरकले नाहीत, अन् तुम्ही..."

"हाव, हाव," ती म्हणाली. "आता नाही गेले पाहिजे ते. पुढचं पुढं पाहू."

रुपराव वाचले. गुपचूप चार माणसांत जाणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात बाईचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना. डॉक्टरांनी माठापुढे बसायचं नाही म्हणून सांगितलं. मौद्याला प्लांटमध्ये फिटर असलेला जितेंद्र चिडला. "माय, बस झालं आता. तुहा माठ फोडूनच टाकतो मी."

"फोडजो," ती म्हणाली. "एकच काम बाकी आहे, तेवढं होऊ दे."

कोणतं काम ते एकट्या श्वेताला माहीत होतं. श्वेता म्हणजे जितेंद्रची बायको. सासूच्या खांद्याला तेल चोळता चोळता तिनं ते हळूहळू काढून घेतलं होतं, आणि पोटात ठेवलं होतं.

मग रुपरावांनीच निरोप पाठवला. त्यांनी अंथरूण धरलं होतं. बाई गेली, पहिल्यांदाच फाटकाच्या आत आली, पण घरात शिरली नाही. ओसरीच्या पायरीशी उभी राहिली. खाट ओसरीवरच होती. एवढा दांडगा माणूस गोधडीखाली दिसतही नव्हता.

"गोपिका," ते म्हणाले, "तुह्या हातची रोटी दुधात कुस्करून खावाशी वाटते. काही गिळल्या जात नाही आता. तेवढी जाईन."

बाईचे हात शिवशिवले. मागणाऱ्याला नाही म्हणायची त्या हातांना सवय नव्हती. पण ती उभी होती तिथून विहिरीजवळची ती जागा सरळ दिसत होती.

"तेरवीलेच," ती म्हणाली.

रुपरावांनी मान तिच्याकडे वळवली. मग त्या बोळक्या तोंडातून तेच जुनं हसू आलं. "असं काय," एवढंच म्हणाले आणि त्यांनी कूस बदलली.

हे वाचून कोणाला बाईचा राग येईल. येऊ द्या. घरी आल्यावर ती नीट जेवली नाही, श्वेतानं विचारलं तेव्हा म्हणाली, "एक रोटी देली असती तं समाधानानं गेला असता. तसा नाही गेला पाहिजे तो." वाईट तिलाही वाटत होतं. पण तिनं माघार घेतली नाही.

त्याच आठवड्यात रुपराव गेले. बातमी कळताच बाई गावी पोचली. अंगणात भावकी आणि गावातले म्हातारे बसले होते. तिनं ओमप्रकाशला तेरवीचं विचारलं.

"तेरवी नाही करणार, काकू," तो डोळे पुसत म्हणाला. "बाबांची शेवटची इच्छा होती. तुम्ही येऊन गेल्या ना, त्याच दिवशी मले बोलावून म्हणाले, पंगत नको, रोट्या नको, माठ तं अंगणात येऊच देऊ नको. फोटोले हार घाल अन् मोकळा हो."

बाईला आधी ते नीट उमगलं नाही. मग समजलं. म्हातारा मेला होता, आणि जाता जाता तिला पुन्हा एकदा ताटावरून उठवून गेला होता. इतकी वर्षं जो राग तिनं जपून, झाकून, वेळेवारी वापरला, तो एकदम डोक्यात गेला. तिला वाटलं, हातात परात असती तर त्या खाटेवर आपटली असती.

पण पुढे माठ असल्यासारखी ती बसली. राग बाजूला ठेवला.

"ओम," ती म्हणाली, "या अंगणाचा अर्धा भाग तुह्या काकाचा ना गा?"

"काकू, सगळंच तुमचं आहे."

"सगळं नको. अर्ध्यातच मी तेरवी करीन. तुह्या बापानं नको म्हटलं ते तुले, मले नाही. मले तं साऱ्या पंगतीपुढे 'टाकजो' म्हणाले होते. इथं बसले आहेत ते लोक, विचार."

तिनं म्हाताऱ्यांकडे पाहिलं. ते तेच होते, त्या दिवशी बुंदी संपवणारे. जे कोणी उरले होते ते. एकमेकांकडे पाहत त्यांनी माना हलवल्या. "हाव गा," एकजण म्हणाला, "म्हणाले होते रुपराव. आम्ही होतो ना पंगतीत. टाकजो म्हणाले." बाकीचं त्यांना आठवत नव्हतं, किंवा आठवायचं नव्हतं. ओमप्रकाश हमसाहमशी रडला आणि त्यानं काकूचे पाय धरले. अशी माया जगात पाहिली नाही, असं जो तो म्हणू लागला. बाईनं कोणालाही दुरुस्त केलं नाही.

तेरवीच्या सकाळी श्वेतानं चूल पेटवली. बाईनं आदल्या दिवशी घरी निवडून, दळून, चाळून आणलेली कणीक भिजवली. पहिली रोटी फाटली. खांद्यातून कळ गेली म्हणून फाटली, असं श्वेताला वाटलं. बाईला खरं कारण माहीत होतं. तिनं डोळे मिटून प्रयागबाईला आठवलं आणि राग उचलून बाजूला ठेवायचा प्रयत्न केला. आजवर इतका जड तो कधी लागला नव्हता. दुसरी रोटी आली, तिसरी आली, मग हातांनी आपणहून काम धरलं. रोट्यांची चळत वाढत गेली तसा खांदाही गप्प झाला.

पहिल्या पंगतीची पानं मांडली. बाईनं हात धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि विहिरीच्या बाजूला, त्याच जागी जाऊन मांडी घातली. विधवा बाई, त्यातून रोट्या टाकणारी, आणि पहिल्या पंगतीत. दोघातिघांच्या भुवया वर गेल्या. पण वाढायला स्वतः ओमप्रकाश आला. "काकूच पहिल्या जेवतील," तो म्हणाला, "पोटभर जेवा, काकू." समोरच्या रांगेत ते म्हातारे बसले होते. मधे खुर्चीवर हार घातलेला रुपरावांचा फोटो होता, भरघोस मिशांचा.

"उठवा आता," ती फोटोला हळूच म्हणाली.

आणि तिनं घास घेतला. रोटी तोंडात ठेवली तशी विरली. मऊ, कडेला किंचित खरपूस, कणकेचाच गोडवा. बाई चावायची थांबली. अशी लागते ही? हे ती आयुष्यभर लोकांना वाढत आली होती आणि स्वतः कोपऱ्यात वरणभात कालवत होती. रुपरावांनी तिला एका ताटावरून उठवलं होतं. बाकीच्या सगळ्या ताटांवरून ती आपली आपणच उठली होती. हे कळल्यावर आज संपेल म्हणून धरलेला राग संपण्याऐवजी पुन्हा उसळला, थोडा त्यांच्यावर आणि थोडा स्वतःवर, आणि ज्याला चार शब्द सुनवावे तो हार घालून बसला होता. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"पाहा, भासऱ्यासाठी कशी रडून राहिली बिचारी," समोरून एक म्हातारा म्हणाला.

बाईनं डोळे पुसले आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं हाच हसला होता.

"ओम, रोटी वाढ," ती म्हणाली.

ती सावकाश जेवू लागली. एकेक घास मोडून, भाजीत बुडवून, चावून चावून. रोटी संपली की दुसरी मागत होती. पंगतीतल्या एकेकाचं होत गेलं. पानं रिकामी झाली, हातांवरचं वरण वाळलं, पण रीत ती रीत. शेवटच्याचं झाल्याशिवाय कोण उठणार? ऊन सरकत समोरच्या रांगेवर आलं. गुडघे धरलेले म्हातारे मांडी बदलू लागले, टोप्यांनी वारा घेऊ लागले. फोटोच्या काचेवरही ऊन पडलं आणि मिशा दिसेनाशा झाल्या. श्वेता माठापाशी बसून सगळं पाहत होती.

शेवटी त्या म्हाताऱ्याला राहवलं नाही. "गोपिकाबाई," तो घाम पुसत म्हणाला, "झालं काय वं?"

"नाही ना," बाई म्हणाली. "अजून टाइम आहे."

आणि तिनं ओमप्रकाशकडे आणखी एक रोटी मागितली.